गिरणी संपावर आठ जणांनी मिळून लिहायचं, तर तटस्थ कसं राहायचं?

प्रश्न असा आहे: लालबाग-परळमधले आठ जण मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या १९८२ च्या संपावर एक सविस्तर नोंद मिळून लिहीत आहेत. दोघांचे वडील संपात होते, एकीचे काका राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं, म्हणजे गिरण्यांतल्या मान्यताप्राप्त कामगार संघटनेचं, काम करायचे, एक जण बांधकाम व्यवसायात आहे. पहिला परिच्छेद कुणी लिहिला की दुसरा कुणीतरी तो पुसतो. सगळ्यांना पटेल असं तटस्थ लेखन कसं करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

'सगळ्यांना पटेल' ही अट आधी काढून टाका. ती ठेवली की ज्या वाक्याने कुणीच दुखावत नाही तेवढंच वाक्य उरतं, आणि ते बहुधा काहीच सांगत नाही. 'या संपाबाबत वेगवेगळी मतं आहेत' हे आठही जणांना मान्य होईल. पण ते वाचून कॉलेजातल्या मुलीला संपाबद्दल काय कळलं? त्याऐवजी वेगळी अट घाला. संपाच्या बाजूचा वाचक आणि संपाच्या विरोधातला वाचक, दोघांनाही वाटलं पाहिजे की आपलं म्हणणं आपण मांडलं असतं तसंच इथे आलं आहे आणि चुकीची माहिती कुठेही नाही. समोरच्याचं म्हणणं त्याला पटलं नाही तरी हरकत नाही. ही अट पाळली गेली की नाही, हे दोन वाचकांना बसवून तपासताही येतं.

तसंच, तटस्थ माणूस शोधत बसू नका. गिरणगावात या विषयावर काहीच मत नसलेला माणूस मिळाला तरी त्याला विषय फारसा ठाऊक नसतो. ज्यांना पोटतिडीक आहे तेच जुनी हँडबिलं जपून ठेवतात आणि पदरमोड करून झेरॉक्स काढतात. तुमचे आठ जण योग्यच आहेत. तपासायचं आहे ते प्रत्येक वाक्य: हे कोण म्हणतंय, केव्हा म्हटलं, आणि त्याला ते कशावरून माहीत?

आधी तक्ता, मग मसुदा

लिहायला बसण्याआधी सगळ्यांना उघडता येईल असा एक तक्ता करा. रकाने सहा: विधान, ते कोणी केलं, केव्हा केलं, कुठे छापलं (पान क्रमांकासकट), त्या व्यक्तीचा वा संस्थेचा या प्रकरणाशी काय संबंध, आणि त्याला दुजोरा देणारा दुसरा स्वतंत्र स्रोत. चाळीस-पन्नास ओळी भरल्याशिवाय एकही परिच्छेद लिहू नका. 'स्वतंत्र' हा शब्द गांभीर्याने घ्या. एकच प्रसिद्धीपत्रक तीन वर्तमानपत्रांनी छापलं असेल तर तो एकच स्रोत.

साहित्य तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, विधिमंडळाचं ग्रंथालय. पण कोणता कागद कशासाठी चालतो हे ठरवून घ्या. त्या दिवसाचं वर्तमानपत्र तारीख, घटना आणि कोण काय बोललं यासाठी उत्तम. संप का फसला यासाठी कमकुवत, कारण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं. युनियनचं पत्रक मागण्यांसाठी पहिला पुरावा, मोर्चाला किती लोक आले यासाठी नाही. मालकांच्या संघटनेने दिलेला नुकसानीचा आकडा 'मालकांच्या मते' म्हणूनच वापरायचा. विधिमंडळाच्या कार्यवृत्तात मंत्री त्या तारखेला नेमकं काय बोलले ते मिळतं.

आणि जुन्या कामगारांच्या मुलाखती. त्या काळात घर कसं चाललं, खाणावळवाल्या बाईंचं देणं किती थकलं, कोकणात वा घाटावर गावी परत गेल्यावर काय झालं, हे त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही. तारखा आणि आकडे मात्र चाळीस वर्षांनी सरमिसळ होतात. म्हणून मुलाखतीतला अनुभव मुलाखतीचा म्हणून छापा, आकडा कागदावरून घ्या. मुलाखतीची तारीख, परवानगी आणि नाव छापायचं की नाही, हे त्याच वेळी लिहून घ्या.

तक्ता भरताना कोण दिसत नाही तेही पाहा. बदली कामगार (कायम कामगार नसेल तेव्हा त्याच्या जागी घेतले जाणारे), गिरणीतल्या स्त्रिया, खाणावळी चालवणाऱ्या बाया, यांच्याबद्दल कागद कमी आहेत, कारण पत्रकं काढणाऱ्यांत आणि बातमीदारांना भेटणाऱ्यांत ते नव्हते. नोंदीत फक्त नेता, मालक आणि मुख्यमंत्री असतील तर प्रत्येक वाक्य काटेकोर असूनही ती नोंद एकांगीच राहील.

भांडण एका वाक्यात अडकलं की वाक्य फोडा

तुमच्या गटात हमखास येणारी दोन वाक्यं घेऊ. त्यांतले दत्ता सामंत म्हणजे या संपाचे नेते.

एक: 'दत्ता सामंतांच्या हट्टापायी झालेल्या बेकायदा संपामुळे मुंबईच्या गिरण्या कायमच्या बंद पडल्या.'

दुसरं: 'मालक आणि सरकार यांनी संगनमताने कामगारांचा ऐतिहासिक लढा चिरडला आणि गिरण्यांच्या जमिनी लाटल्या.'

गट दमला की यातून मधलं वाक्य निघतं: 'काही प्रमाणात संपामुळे आणि काही प्रमाणात धोरणांमुळे गिरण्या बंद पडल्या.' हे सगळ्यांत वाईट. ते कुणीच म्हटलेलं नाही, त्याला कुठलाही आधार देता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना ते तडजोड म्हणून गिळावं लागतं. सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच भांडण होतं.

त्याऐवजी 'बेकायदा' हा एक शब्द उचला. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ खाली एका उद्योगासाठी मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटना असते आणि वाटाघाटीचा अधिकार तिचा. मुंबईच्या गिरण्यांत ती संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. म्हणजे सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप या कायद्याच्या चौकटीत बेकायदा होता. पण हाच कायदा रद्द करावा, ही संपाची एक मागणी होती. दोन्ही गोष्टी शेजारी लिहा: 'हा संप १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखाली बेकायदा होता, तो कायदा रद्द करावा, अशी संपकऱ्यांची मागणी होती.' संघाच्या बाजूचे आणि संपाच्या बाजूचे, दोघेही यातला शब्दही नाकारू शकत नाहीत. वाचकाला मूळ भांडण कशावरून होतं तेही कळतं. नुसतं 'बेकायदा' लिहिलं असतं तर कळलं नसतं, नुसतं गाळलं असतं तरी कळलं नसतं.

आता 'संपामुळे गिरण्या बंद पडल्या'. यातला 'मुळे' हा दावा आहे, 'नंतर' ही वस्तुस्थिती आहे. 'मुळे' असलेलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी नावावर गेलं पाहिजे. आधी तारखा सरळ मांडा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो मागे घेतल्याची औपचारिक घोषणा झाली नाही, म्हणून 'अमुक तारखेला संप संपला' असं लिहू नका. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. १९८५ मध्ये केंद्राचं नवं वस्त्रोद्योग धोरण आलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीच्या पुनर्विकासाची वाट उघडली. त्यात मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि घरांसाठी म्हाडाला वाटा होता. २००१ मध्ये तो नियम बदलला आणि वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता धरला गेला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला.

त्याखाली कारणांबद्दलचे युक्तिवाद एकेक करून, मांडणाऱ्याच्या नावानिशी. संप लांबल्याने गिरण्यांचा बाजार गेला आणि तो परत आला नाही, हा एक. यंत्रं जुनी होती आणि यंत्रमागांनी आधीच बाजार खाल्ला होता, हा दुसरा. कापडापेक्षा जमीन महाग झाली तेव्हा गिरणी चालवण्यात मालकांना रस उरला नाही, हा तिसरा. प्रत्येकाचा सर्वांत भक्कम पुरावा द्या आणि त्याच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावाही द्या. 'लाटल्या' आणि 'हट्टापायी' हे दोन्ही शब्द तुमच्या आवाजातून जातात. कुणी ते वापरले असतील आणि ते महत्त्वाचे असतील, तर अवतरणात, नावासकट परत येतात.

मराठी वाक्य कुठे फसवतं

सहलेखनात पक्षपात मोठ्या शब्दांतून जितका शिरतो, त्याहून जास्त बारीक जागांतून शिरतो.

'झाला' हे क्रियापद पाहा. संयुक्त महाराष्ट्र चळवळीतलं उदाहरण घेऊ. '२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला.' कोणी केला? पोलिसांनी. कर्ता माहीत असेल तर लिहायचाच. हे दोन्हीकडे लागू: 'दगडफेक झाली' असं लिहून 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या' असं लिहिलं, तर एका बाजूचा कर्ता लपला आणि दुसऱ्याचा उघडा पडला.

'मात्र', 'पण', 'तरीही' यांनी जोडलेल्या वाक्यात मागचा भाग जिंकतो. 'मागण्या रास्त होत्या, मात्र संप लांबला' आणि 'संप लांबला, मात्र मागण्या रास्त होत्या' यांत माहिती तीच, कौल उलटा. शिवाय 'रास्त' हा शब्दच तुमचा निवाडा आहे. वादाच्या जागी दोन स्वतंत्र वाक्यं करा, मध्ये पूर्णविराम द्या.

'म्हणाले', 'सांगितलं', 'लिहिलं' ही सुरक्षित क्रियापदं. 'दावा केला' म्हटलं की शंका येते, 'स्पष्ट केलं' म्हटलं की खरेपणाचा शिक्का बसतो, 'कबूल केलं' म्हटलं की गुन्हा असल्यासारखं वाटतं. एका बाजूला 'दावा' आणि दुसऱ्या बाजूला 'स्पष्ट केलं' असं झालंय का, हे शोधाची सोय वापरून पूर्ण मसुद्यात मोजा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि दर वेळी काहीतरी सापडतं.

आदरार्थी बहुवचन एकदा ठरवून सगळ्यांना एकसारखं द्या. नेता 'गेले', मालक 'गेले', तर मुकादम आणि आरोपीही 'गेले'. 'डॉक्टरसाहेब' ही सामंतांसाठीची हाक कामगाराच्या मुलाखतीत राहू द्या. तुमच्या ओळीत 'दत्ता सामंत' किंवा 'सामंत'.

'असं म्हटलं जातं' हे वाक्य दिसलं की थांबा. तक्त्यात म्हणणाऱ्याचं नाव असेल तर घाला, नसेल तर वाक्य काढा.

जागा किती कुणाला

निम्मी-निम्मी जागा वाटणं सोपं आहे म्हणून लोक तसं करतात. ते चुकीचं आहे. स्वतंत्र, जाणकार स्रोत ज्या मुद्द्यावर जितका भर देतात, साधारण त्या प्रमाणात जागा द्या. एखादं मत फक्त एका पत्रकात असेल आणि इतरांनी त्याची दखलच घेतली नसेल, तर त्याला एक ओळ किंवा तीही नाही. यात गटातली माणसं मोजू नका. आठांपैकी सहा संपाच्या बाजूचे आहेत म्हणून मतदान घेतलं, तर तुमच्या गल्लीचा कौल कळेल, विषयाचा नाही. शेवटी 'टीका आणि वाद' असा वेगळा विभागही करू नका. तिथे प्रत्येक जण आपली नाराजी आणून ओततो आणि वरचा मजकूर एकतर्फी राहतो. टीका ज्या घटनेवर आहे त्या घटनेच्या परिच्छेदातच बसली पाहिजे.

आकडे वेगवेगळे असतील तर सरासरी काढू नका. संपातल्या गिरण्यांची संख्या काही ठिकाणी पन्नासहून अधिक, काही ठिकाणी साठ, काही ठिकाणी पासष्ट दिसते. दोन टोकांच्या मधला आकडा लिहिला तर तो कुणीच न दिलेला आकडा ठरेल. कोणी मोजलं, कोणाला धरलं, कोणत्या तारखेला, हे सोबत लिहा. कामगारांच्या संख्येत बदली कामगार धरले की नाही यावर बराच फरक पडतो. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची संख्या १०५, १०६ आणि १०७ अशी तीन प्रकारे छापलेली सापडते. तिथेही हाच नियम.

कागदाची पायरी

पुढे तुम्ही आणखी ज्वालाग्राही विषयांकडे वळालच, म्हणून हे आत्ताच सांगतो. एफआयआर, आरोपपत्र, चौकशी आयोग, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. वाक्यात पायरी आणि तारीख दोन्ही हव्यात.

१९९२-९३ च्या दंगलींबद्दल न्या. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला आणि त्या वेळच्या राज्य सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळले. आयोगाचा अहवाल हा न्यायालयाचा निकाल नसतो; सरकारवर तो बंधनकारकही नसतो. पण तो शपथेवरच्या साक्षींवर उभा असतो. म्हणून 'सिद्ध झालं' असंही लिहू नका आणि सरकारने फेटाळला म्हणून गाळूही नका. अहवाल काय म्हणतो ते आणि सरकारने तो फेटाळला हेही लिहा. आकडे देताना चारही गट द्या. त्यातला सोयीचा एकच उचलणं हा या विषयातला सर्वांत जुना प्रकार आहे. 'दोन्ही बाजूंचं नुकसान झालं' एवढंच लिहून आकडे गाळणं हाही पक्षपातच.

११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. त्यानंतर काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. २०१५ नंतर लिहिलेल्या किती मजकुरांत आजही 'दोषी' हा शब्द तसाच पडून असेल, याचा विचार करा. हयात माणसाबद्दलचं असं वाक्य दुरुस्त होईपर्यंत एक दिवसही तसं ठेवू नये.

आठ जणांचं काम कसं चालवायचं

मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. वाचक त्या माणसाचा दृष्टिकोन जमेस धरून वाचतो. तुमच्या नोंदीखाली आठ नावं असतील, म्हणजे कुणा एकाच्या मताला आडोसा मिळणार नाही. त्यासाठी कामाची शिस्त लागते.

पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपला संबंध लिहून द्यावा: घरचं कोण कुठल्या संघटनेत होतं, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत अर्ज आहे का, जमिनीच्या व्यवहारात हितसंबंध आहे का. संबंध असलेल्याने त्या विभागासाठी कागद आणावेत, हरकती नोंदवाव्यात, पण त्या विभागावर शेवटचा हात फिरवू नये. बांधकाम व्यवसायातल्या मित्राने नियम ५८ समजावून सांगावा. त्याच्याइतका तो कुणाला कळत नसेल. तो विभाग लिहावा मात्र दुसऱ्याने.

गुगल डॉकमध्ये सगळ्यांना फक्त सजेशन मोड द्या. थेट बदल करण्याचा अधिकार दोघांकडे, आणि ते दोघे वेगवेगळ्या मतांचे हवेत. प्रत्येक सुचवणीसोबत तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक. 'हे खटकतं' ही हरकत नाही. 'ओळ १७ मध्ये याच्या उलट लिहिलंय' ही हरकत. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते. आठ जणांसाठी एकदाच पुरे: एकदा उलटवलं की दुसऱ्यांदा नाही, वाक्य बैठकीत येतं. बैठकीत एका वेळी एकच वाक्य. व्हॉट्सॲपवर वाक्यांची चर्चा पूर्ण बंद ठेवा. तिथे मुद्दा कागदावरून माणसावर जायला दोन निरोप पुरतात.

सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट करायला सर्वांत कठीण आहे. संपाच्या बाजूच्या व्यक्तीने राष्ट्रीय मिल मजदूर संघाची भूमिका लिहावी आणि जिचे काका संघात होते तिने सामंतांच्या मागे कामगार का गेले ते लिहावं. समोरचा 'हो, आमचं म्हणणं हेच' असं म्हणेपर्यंत तो परिच्छेद मंजूर नाही. पहिल्या खेपेला दोघेही विरोधकाचा युक्तिवाद दुबळा करून लिहितील, जाणूनबुजून नव्हे, पण लिहितील. तिसऱ्या खेपेपर्यंत तक्त्यात नव्या ओळी येतात, कारण खरा युक्तिवाद शोधायला वाचावं लागतं.

शीर्षक आणि पहिला परिच्छेद सर्वांत शेवटी. खाली जे सिद्ध झालंय त्याचाच सारांश वर येतो. खाली नाही ते वर नाही. तुमचा सगळा वेळ तिथे जातोय, कारण अजून खालचं काहीच लिहिलेलं नाही.

पूर्ण मसुदा झाला की गटाबाहेरचे दोन वाचक घ्या, दोन बाजूंचे. विचारा: हे लिहिणाऱ्याचं मत काय असेल? दोघांनी एकच बाजू सांगितली तर नोंद त्या बाजूला कललेली आहे. कुठल्या वाक्यावरून ओळखलंत ते त्यांच्याकडून अधोरेखित करून घ्या. प्रत्येकाला ती समोरच्याच्या बाजूची वाटली तर घाबरू नका, पण दोघांनी खुणा केलेली वाक्यं एकदा तक्त्याशी ताडून पाहा.

नोंद वाचकांसमोर गेल्यावर हरकती येतील, काही फार रागाच्या येतील. प्रत्येक हरकत तक्त्यात तारखेसह नोंदवा. कागद जोडलेला असेल तर आठवड्यात तपासून उत्तर द्या. नसेल तर तो मागा. बदल केला तर जुनं वाक्य, नवं वाक्य, कारण आणि तारीख नोंदीच्या तळाशी दिसू द्या. न्यायालयात किंवा सरकारदरबारी चालू असलेल्या मुद्द्यांची वेगळी यादी करून ती एकाच माणसाकडे द्या. त्याने दर तीन महिन्यांनी ती तपासावी, आणि त्याच्या गैरहजेरीत ते कोण करणार याचंही नाव लिहून ठेवा.